वाकडीची शिदोरी

"आबा, एक विचारू?"

"आधी माती लोटू दे. मग विचार."

जुई थांबली. आबांनी खड्ड्यात पांढऱ्या चुन्याचा थर दिला, वर माती ओढली आणि फावड्याच्या पाठीने ती थोपटून घट्ट केली. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दोन मोठे दगड ठेवले. मग ते पेरूच्या सावलीत टेकले.

"हं, बोल."

"ही सगळी पिल्लं कवडीनेच उबवली ना?"

"हो."

"एकाच डालग्यात राहिली. एकाच थाळीतलं पाणी प्यायली. कण्यासुद्धा सगळ्यांनी त्याच खाल्ल्या."

"हो गं."

"मग बाकीची सगळी मेली आणि चारच कशी वाचली?"

आबांनी टोपी काढून कपाळावरचा घाम पुसला. "नशीब असतं एकेकाचं."

"पण कुणाचं नशीब चांगलं आहे, ते रोगाला कसं कळलं?"

आबांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. 

या कोंबड्या मुळात आजीच्या. आजी होती तोवर अंडी ताटात येतात एवढंच आबांना ठाऊक होतं. गेल्या वर्षी थंडीत आजी गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे घरातलं कुणीच उठलं नव्हतं आणि खुराड्यात आरडाओरडा सुरू झाला. कोंबड्यांना सुतक कळत नाही. त्यांना दार उघडून हवं होतं आणि दाणे हवे होते. आबा उठले, त्यांनी खुराडं उघडलं, आणि तेव्हापासून रोज तेच उघडत आले. जुईचे आई-बाबा सकाळीच बिनचालकाच्या बसने तालुक्याला कामाला जात. त्यामुळे शाळेतून आल्यावर घरी जुई, आबा आणि कोंबड्या एवढाच संसार. तो बरा चालला होता. कवडी अंडी उबवायला खुडूक बसली, तिने पिल्लं काढली, तेव्हा आबा अंगणात खुर्ची टाकून दुपारभर नुसते बघत बसले होते.

मग मामा आला. जुईच्या वाढदिवसाला रस्सा करायचा म्हणून त्याने बाजारातून एक कोंबडा आणला आणि खुराड्याच्या खांबाला बांधला. कोंबडा शिंकत होता. "प्रवासाची धूळ आहे," मामा म्हणाला. वाढदिवस यायच्या आधीच तो कोंबडा मेला. त्याला पुरून आबांनी विषय संपवला. पण पुढच्याच आठवड्यात खुराड्यातल्या कोंबड्या पंख पाडून बसू लागल्या. त्यांना धाप लागे, हिरवट पातळ शी होई. काहींची मान पिळल्यासारखी मागे वळे. गावात या रोगाला मानमोडी म्हणतात.

काल कवडी गेली. जुईच्या मांडीवरच गेली. करड्या अंगावर पांढरे ठिपके असलेली ती कोंबडी हाक मारली की मागे येई. जुई खूप रडली. आबा तिच्याजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "रडायचं असेल तर रड. पण पिल्लांचं पाणी संपलंय. ते भरता भरता रड. तुझी आजी गेली तेव्हा मीही तेच केलं."

जुईने थाळी घासली, पाणी भरलं आणि भरता भरता रडली. पाणी भरून झाल्यावर तिला जरा बरं वाटलं. कसं ते तिलाही कळलं नाही.

आता अंगणात चार पिल्लं उरली होती, आणि वाकडी.

"काय हो आबा, संपलं का सगळं?" कुंपणापलीकडून आवाज आला. समोरच्या घरातल्या पारूकाकू डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या.

"एक कोंबडी आणि चार पिल्लं आहेत."

"मग द्या की इकडे! दोन पिल्लं मी ठेवते, दोन माझ्या बहिणीकडे पाठवते. वाकडी जाऊ दे मामाकडे. कुठेतरी जगतील बिचारी."

गावाची रीतच होती ती. रोग आला की उरलेल्या कोंबड्या ओळखीपाळखीत वाटून टाकायच्या. सगळी एका जागी राहून मरण्यापेक्षा चार घरी गेलेली बरी, असा त्यामागचा विचार. वाईट कुणाच्याच मनात नसे.

आबांनी फावडं कुंपणाला टेकवलं. "ने पारू. सगळी ने. खुराडंही मोडून टाकतो. फळ्या चुलीला होतील."

"आबा!" जुई ओरडली.

"अगं, माझ्याने आता होत नाही. रोज एकेक उचलायची आणि पुरायची. पुरे झालं."

आजीचं खुराडं मोडायचं? ती धावत चावडीकडे सुटली. चावडीच्या भिंतीवर एक हिरवं बटण होतं, जनावर आजारी पडलं की दाबायचं. मोठी माणसं ते गाईगुरांसाठीच दाबत. कोंबड्यांसाठी कोण दाबणार? जुईने दाबलं. एकदा नाही, चांगलं दाबून धरलं.

दुपारी टिटवी आली.

टिटवी म्हणजे तालुक्याच्या पशुआरोग्य केंद्राचा यंत्रमानव. उंच, दोन काटकुळ्या पायांवर लांब टांगा टाकत चालायची, आणि वाटेत कुणी आडवं आलं की टिव-टिव-टिव ओरडायची. म्हणून पोरांनी तिला हे नाव ठेवलं होतं. तिच्या पोटात एक शीतपेटी होती आणि पाठीवर सौरपत्रं.

"घ्या," आबा म्हणाले. "आधीच घरात हे चाललंय, त्यात टिटवी दारात."

"नमस्कार, पशुपालक महोदय," टिटवी म्हणाली. "मी आत येण्यापूर्वी पाय धुते. आपणही धुवावेत."

"माझ्याच अंगणात जायला मी पाय धुऊ?"

"येताना नाही, जाताना. आपल्या चपलांना जे लागलं आहे ते समोरच्या घरी जाऊ नये म्हणून."

टिटवीने पाठीवरून एक घमेलं काढलं, त्यात औषधाचं पाणी ओतलं आणि बगळ्यासारखा एकेक पाय त्यात बुडवून ती आत आली. वाकडी पुढे झाली, मान तिरकी करून तिने टिटवीला एका डोळ्याने पाहिलं आणि तिच्या गुडघ्यावरचा चकचकीत स्क्रू टोचून बघितला.

"या बाईंचं नाव काय?"

"वाकडी," जुई म्हणाली. "आणि ती बाई नाहीये, कोंबडी आहे."

"मान अशी कधीपासून?"

"मागच्या उन्हाळ्यापासून. तेव्हाही मानमोडी आली होती. ती जगली, पण मान सरळ झालीच नाही. दाणा टिपायला जायची आणि भलतीकडेच चोच मारायची. मग आजी तिला मांडीवर घेऊन भाकरीचा कुस्करा भरवायची. पाण्यात भिजवून."

"मी म्हणायचो, कशाला त्रास घेतेस," आबा म्हणाले. "ही आता काय कामाची? अंडी घालते तीसुद्धा सुरकुतलेली, खरबरीत. खुडूक कोंबडीखाली कुणी तसली अंडी ठेवत नाही. आम्ही गुळगुळीत, गोल, देखणी अंडी निवडून ठेवतो. हिची आपली तव्यावर."

जुई एकदम पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागली.

"काय गं?" आबांनी विचारलं.

"या वेळी मी ठेवली होती. तुम्ही गुळगुळीत अंड्यांतली काही पारूकाकूंना दिलीत ना? मग कवडीखाली जागा उरली. म्हणून मी वाकडीची ठेवली."

"मला नाही सांगितलंस ते!"

"तुम्ही ऑम्लेट केलं असतंत."

टिटवीने वाकून डालगं उचललं. चारही पिल्लं चिवचिवत एका कोपऱ्यात गोळा झाली. जुई त्यांच्याकडे बघत राहिली. रोजच बघायची, पण आज बघता बघता तिच्या डोक्यात काहीतरी हललं.

"आबा! यांच्या माना बघा!"

चारही पिल्लांच्या मानेवर लव नव्हती. मान उघडी, गुलाबी. काही कोंबड्यांची जातच तशी असते, मानेवर पिसं येतच नाहीत. आणि त्यांच्या सगळ्या कोंबड्यांत तशी एकच होती, वाकडी.

"ही कवडीची पिल्लं नाहीतच," जुई म्हणाली. "उबवली कवडीने. पण अंडी वाकडीची. वाचली ती फक्त वाकडीची!"

पारूकाकू कुंपणावर वाकून ऐकत होत्या. "म्हणजे उघड्या मानेच्या पिल्लांना रोग होत नाही म्हण की!"

"असं असू शकेल," टिटवी म्हणाली. "किंवा कारण दुसरंच असेल. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. तपासून बघू. घरात अंडी आहेत का? वाकडीचं एक आणि दुसऱ्या कुठल्याही कोंबडीचं एक."

जुई घरात धावली. फ्रिजमध्ये दोन्ही होती, एक सुरकुतलेलं आणि एक गुळगुळीत. टिटवीने दोन वाट्या मागवल्या, अंडी फोडली आणि दोन्ही बलकांत (अंड्यातल्या पिवळ्या भागात) एकेक कागदाची पट्टी बुडवली.

"ही पट्टी मानमोडीच्या विषाणूला अडवणारं काही सापडलं तरच निळी होते. विषाणू म्हणजे रोग पसरवणारा कण. इतका बारीक, की धुळीच्या एका कणावर हजारो बसतील."

सगळे पट्ट्यांकडे बघत राहिले. गुळगुळीत अंड्याची पट्टी पांढरीच राहिली. वाकडीच्या अंड्याची पट्टी आधी फिकट झाली, मग आभाळासारखी, मग शाईसारखी निळी.

"अगं बाई," पारूकाकू म्हणाल्या.

"उघडी मान ही नुसती ओळखीची खूण," टिटवी म्हणाली. "वाचवलं ते या बलकातल्या गोष्टीने. तिला प्रतिपिंडं म्हणतात (शरीराने एखाद्या विषाणूला अडवण्यासाठी तयार केलेले कण)."

"ती अडवतात कशी?" जुईने विचारलं.

"गोखरू माहीत आहे? रानातून आलं की कपड्यांना चिकटतं ते?"

"हो. त्याला आकड्या असतात."

"विषाणूलाही तशाच आकड्या असतात. त्यांनी तो कोंबडीच्या घशात, फुप्फुसात चिकटतो आणि आत शिरतो. आता त्या गोखरूच्या प्रत्येक आकडीवर मेण बसवलं तर?"

"चिकटणारच नाही. गळून पडेल."

"प्रतिपिंडं म्हणजे ते मेण. पण प्रत्येक विषाणूच्या आकड्या वेगळ्या, म्हणून मेणाचा आकारही वेगळा लागतो. वाकडी मागच्या वर्षी आजारी पडली तेव्हा तिच्या शरीराला तो आकार माहीत नव्हता. शोधायला वेळ लागला. तेवढ्यात रोगाने तिची मान वाकडी केली. पण शेवटी आकार सापडला, आणि शरीराने तो जपून ठेवला. यंदा रोग पुन्हा आला तेव्हा मेण आधीच तयार होतं. बाकीच्या कोंबड्या इकडे मागच्या उन्हाळ्यानंतर आल्या असतील."

"मागच्या वेळी सगळ्या गेल्या होत्या. हिने नंतर नव्या आणल्या," आबा म्हणाले. हिने म्हणजे आजीने.

"त्यांना हा आकार माहीत नव्हता."

"पण पिल्लं तर मागच्या वर्षी नव्हतीच!" जुई म्हणाली. "त्यांना कुठून कळला?"

"त्यांना नाहीच कळला. त्यांच्या आईने अंडं तयार करताना बलकात तयार मेण भरून दिलं. पिल्लू अंड्यातून बाहेर येण्याआधी तो बलक पोटात ओढून घेतं. त्यात दोन-तीन दिवसांचं खाणं असतं, आणि आईची प्रतिपिंडंही. कवडीने ऊब दिली, पंखाखाली घेतलं. तिच्यामुळे ती जन्मली. पण रोगाशी लढायची शिदोरी बांधून दिली ती वाकडीने."

जुई डालग्याजवळ बसली. कवडीने तिच्यासारखी नसलेली पिल्लंसुद्धा पोटाशी धरली होती, हे तिला आठवलं आणि पुन्हा डोळ्यांत पाणी आलं. पण या वेळच्या रडण्यात कालच्यासारखं काही टोचत नव्हतं.

"म्हणजे ही चार आता पक्की?" आबांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता. "यांना काही होणार नाही?"

"होऊ शकतं," टिटवी म्हणाली. "शिदोरी संपते. आणखी काही दिवसांनी यांच्या रक्तात बुडवलेली पट्टी पांढरीच राहील. विषाणू मात्र तुमच्या अंगणात अजून आहे."

आबांचा चेहरा पडला. "मग काय उपयोग?"

"त्याआधी लस द्यायची. डोळ्यात एक थेंब. माझ्या पोटात आहे."

"मग बघतेस काय? टाक की थेंब! आत्ताच टाक."

"आज टाकला तर वाया जाईल."

"हे बघ टिटवे," आबा उठून उभे राहिले, "मी गेले दोन आठवडे खड्डेच खणतोय. पोटात औषध घेऊन आलीस आणि म्हणतेस थांबा? उद्या ही चार गेली तर?"

टिटवी मागे सरकली नाही. आवाजही चढवला नाही. "जुई, तुमच्या घरी दिवाळीला चकल्या कोण करायचं?"

"आजी. डबा भरून. आई पूर्वी कामासाठी तालुक्यालाच राहायची तेव्हा तिलासुद्धा बांधून द्यायची."

"आईला चकल्या दिल्या. सोऱ्या दिला का?"

"छे! सोऱ्या आमच्याच घरी आहे. आताही खिळ्याला आहे."

"मग आईच्या चकल्या संपल्यावर?"

"संपल्या. तिला करता येत नाहीत." जुई थांबली. "अच्छा. वाकडीने पिल्लांना चकल्या दिल्या. सोऱ्या नाही दिला."

"अगदी बरोबर. मेण दिलं, मेणाचा साचा दिला नाही. तो देताच येत नाही, ज्याचा त्यालाच करावा लागतो. लशीत मानमोडीचाच विषाणू असतो, पण दुबळा केलेला, आजारी न पाडणारा. तो पाहून पिल्लाचं शरीर साचा तयार करतं. पण आज त्यांच्या रक्तात आईचं मेण भरपूर आहे. मी थेंब टाकला की ते मेण त्या दुबळ्या विषाणूवर बसेल. पिल्लाच्या शरीराला तो दिसणारच नाही. साचा होणार नाही, आणि शिदोरीही तेवढी कमी होईल."

आबा खाली बसले. बराच वेळ त्यांनी हातातल्या टोपीची घडी घातली आणि मोडली.

"म्हणजे डबा जवळजवळ रिकामा होईपर्यंत थांबायचं," ते म्हणाले.

"अगदी रिकामा व्हायच्या आत. रोज एक पट्टी. जुई करेल. निळी असेल तर थांबा. फिकी झाली की बटण दाबा. आणि आबा..."

"काय?"

"पिल्लं कुणाला देऊ नका. ती दिसायला धडधाकट आहेत, वाकडीही आहे. पण त्यांच्या पायांना, पिसांना विषाणू लागलेला असू शकतो. ती जिथे जातील तिथे तो जाईल. जगाव्यात म्हणून चार घरी वाटलेल्या कोंबड्यांबरोबर आपण रोगच चार घरी वाटतो."

पारूकाकूंनी कुंपणावरचे हात पटकन काढून घेतले आणि पदराला पुसले. "माझ्या बहिणीकडे मागच्या वर्षी अशाच गेल्या होत्या," त्या हळूच म्हणाल्या. "तिच्याही सगळ्या गेल्या. आम्ही म्हटलं, वारं आलं."

"आता माहीत झालं ना," आबा म्हणाले. "मग झालं. जा, तुझ्या कोंबड्या कोंडून ठेव. आणि आधी पाय धू."

खुराडं मोडायचं त्या दिवशी राहून गेलं.

पुढचे दिवस जुईला फार मोठे वाटले. पिल्लं घरात आली, खोक्यात, दिव्याच्या उबेला. त्यांना हात लावायच्या आधी साबण, नंतर साबण. आबांनी खुराडं झाडलं, उन्हात उघडं टाकलं, आतून चुना फासला. घमेल्यातल्या पाण्यात पाय बुडवताना ते रोज काहीतरी पुटपुटत, पण बुडवत.

रोज सकाळी जुई एका पिल्लाच्या पायाला बारीक टोचून रक्ताचा ठिपका घ्यायची आणि पट्टीला लावायची. टिटवीने तिला शिकवलं होतं. पहिल्यांदा पिल्लापेक्षा तीच जास्त ओरडली.

"निळी," ती सांगायची.

"अजून निळीच?" आबा विचारायचे. निळी म्हणजे चांगलं, हे त्यांना कळत होतं. पण निळी असेपर्यंत लस नाही, हेही कळत होतं. मग ते बाहेर जाऊन खोक्यासाठी नवा भुसा आणायचे.

एका सकाळी धाकट्या पिल्लाला शिंक आली. जुईने आबांना हाक मारली. आबा हातातला चहा तसाच टाकून आले. पिल्लू पुन्हा शिंकलं. आबांनी त्याला उचललं, उजेडात धरलं, त्याचे डोळे पाहिले, मान पाहिली, शी पाहिली. मग स्वतःच जोरात शिंकले.

"भुसा बारीक आलाय," ते नाक चोळत म्हणाले. "चाळून घ्यायला हवा होता." आणि त्या सकाळी ते कितीतरी दिवसांनी हसले. जुईही हसली.

अखेर पट्टी फिकी आली. इतकी फिकी, की निळी म्हणावी की नाही असं वाटावं. जुई चावडीकडे पळाली, तर आबा तिच्या पुढे. वाटेतल्या प्रत्येक दारात त्यांनी हाक दिली. "अहो, टिटवी येतेय! कोंबड्या घेऊन या, सगळ्यांनी. आमच्या अंगणात नको हं, चावडीसमोर. आणि एकमेकींना लावू नका, आपापल्या पाटीत ठेवा!"

"सगळ्यांना कशाला बोलावता?" जुईने धापा टाकत विचारलं. "आजारी तर आपल्याच होत्या."

"टिटवी आली होती तेव्हा मी तिला हेच विचारलं. ती म्हणाली, विषाणूला एकीकडून दुसरीकडे उडी मारायला कोंबडी लागते. गल्लीतल्या बहुतेक कोंबड्यांकडे साचा असला की त्याला पाय टेकायला जागाच मिळत नाही. मग एखादीची लस राहून गेली तरी ती वाचते. याला समूहाची प्रतिकारशक्ती म्हणतात (सगळ्यांनी मिळून धरलेली ढाल)."

"तुम्हाला पाठ झालं?"

"शाळेत नव्हतं झालं. आता झालं."

चावडीसमोर पाट्या, पिशव्या, डालगी, एक जुनी बादली, सगळ्यांतून कोंबड्या डोकावत होत्या. टिटवीने शीतपेटीतून कुपी काढली. थेंब टाकायचं काम आबांनी मागून घेतलं. पिल्लाचं डोकं दोन बोटांत धरायचं, डोळ्यात थेंब सोडायचा, पापणी मिटली की सोडून द्यायचं. आबांची बोटं जाड, पण एकही थेंब बाहेर पडला नाही. वाकडीची पाळी आली तेव्हा थेंब कुठल्या बाजूने टाकावा असा प्रश्न पडला, कारण तिचा एक डोळा आभाळाकडे आणि एक जमिनीकडे.

"आभाळाकडच्याच डोळ्यात टाका," पारूकाकू म्हणाल्या. "दुसऱ्यात टाकलेला थेंब थेट खाली जाईल."

दोन आठवड्यांनी टिटवी परत आली. या वेळी पट्टी जुईने धरली आणि रक्ताचा ठिपका आबांनी लावला. पट्टी पांढरी राहिली. मग एका कडेने हळूहळू निळा रंग चढत आला, अगदी शेवटपर्यंत.

"हे अजून वाकडीचंच का?" आबांनी विचारलं.

"नाही," टिटवी म्हणाली. "तिचं केव्हाच संपलं. हे यांनी स्वतः केलेलं आहे."

आबांनी पट्टी उन्हात धरून पुन्हा पाहिली. पिल्लं खोक्यातून काढल्यावर पहिल्यांदाच चुना लावलेल्या खुराड्यात शिरली, बाहेर आली, पुन्हा शिरली. अंगणभर त्यांनी माती उकरून ठेवली.

"माणसांचंही असंच असतं का गं?" जुईने विचारलं.

"बरंचसं. बाळाला जन्माच्या आधी आईच्या रक्तातून आणि नंतर दुधातून अशीच शिदोरी मिळते. म्हणून बाळांना लशी ठरलेल्या वेळीच देतात. आणि आता तर काही शास्त्रज्ञ उलटा विचार करतात. कोंबडी बलकात इतकी प्रतिपिंडं भरत असेल, तर त्या बलकातून माणसांसाठीही औषध काढता येईल का? अजून खूप शोधायचं बाकी आहे. तू मोठी होईपर्यंत कुणीतरी शोधेल. तूही शोधशील."

"मला रक्त बघून आता भीती वाटत नाही," जुई म्हणाली. "म्हणजे थोडीच वाटते."

टिटवी घमेल्यात पाय बुडवून निघाली. ती गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत आबा कुंपणाशी उभे होते. मग त्यांनी समोरच्या घराकडे तोंड करून हाक मारली.

"पारू! अगं ए पारू! तुझी एक कोंबडी खुडूक बसलीय ना?"

"बसलीय की. का हो?"

"लस झालीय ना तिची? मीच थेंब टाकलाय म्हणा. तुझा कोंबडा तर आता दिवसभर माझ्याच अंगणात असतो. वाकडीची अंडी देतो, ठेव तिच्याखाली. पिल्लं निघाली की अर्धी तुझी, अर्धी माझी."

पारूकाकू दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "तुम्ही तर खुराडं मोडणार होता ना? फळ्या चुलीला घालणार होता!"

"मोडणारच आहे," आबा म्हणाले आणि करवत आणायला वळले. "लहान पडतंय ते."